पुढे चार पायऱ्या

दिवस १. पुढे: ४

अनसूया गांगुर्डे दुधाची पिशवी घेऊन स्वयंपाकघरात आली तेव्हा पाटीवरची एक ओळ नाहीशी होत होती. फडक्यानं पुसल्यासारखी नाही. शेवटच्या अक्षरापासून पहिल्याकडे, जशी लिहिली असेल तशीच उलटी. चष्मा ओट्यावर होता. तो डोळ्यांवर चढेपर्यंत पाटी कोरी झाली होती आणि खालच्या उजव्या कोपऱ्यात नखाएवढा वळलेला बाण उमटला होता. बाणाशेजारी आकडा: ४.

म्हणजे केप टाऊनमधल्या भाड्याच्या खोलीत, तिथल्या ओट्यावरच्या अशाच पाटीसमोर उभं राहून तिच्या मुलीनं, कृत्तिकानं, चार टप्प्यांत काहीतरी लिहिलं होतं. आणि चारही टप्पे मागे घेतले होते.

रविवार होता. नाशिकला साडेनऊ, म्हणजे तिकडे सहा. 'साबण संपला' लिहायला कृत्तिका रविवारी सहाला उठणार नाही. ती तर नऊपर्यंत उठायची नाही.

अनसूयानं सवयीनं बोट पुढे केलं. 'काय गं?' एवढंच लिहायचं होतं. बोट पाटीपासून वीतभरावर थांबलं.

पाटी पहिल्यांदा तयार होत होती तेव्हा हा बाण तिनंच आखलेला होता. एक रेघ ओढली तर काय होईल, हे तिच्याइतकं कोणाला माहीत असणार?

तिनं हात मागे घेतला आणि दूध तापत ठेवलं.

पाटी म्हणजे काय

लेप शोधला दुसऱ्यांनी. दिसायला चिनीमातीसारखा, भिंतीवर थापता येणारा. त्याचा प्रत्येक कण रंग बदलू शकतो आणि बदलताना आधीचा रंग विसरत नाही. कणाच्या आत बारीक थर असतात. नवा रंग वर बसतो, जुना एक थर खाली सरकतो. लग्नाच्या हॉलमध्ये ताटांची चळत असते ना, तसं. वीज गेली तरी चळत तशीच राहते.

'मागे' म्हटलं की वरचं ताट उचलून बाजूला ठेवायचं. खालचं दिसायला लागतं. 'पुढे' म्हटलं की बाजूचं ताट परत चळतीवर. जोडीच्या दोन पाट्या हजारो मैलांवर असल्या तरी दोन्हींच्या चळती सारख्या राहतात. इथे बोट फिरलं की तिथे उमटतं; ओलं फडकं फिरलं की तिथे करडा पट्टा उमटतो आणि त्याखालची अक्षरं पुसली जातात.

पण बाजूला चार ताटं ठेवलेली असताना कोणी नवंच ताट आणून चळतीवर ठेवलं तर? कणात जागा मोजकी. नवा रंग बसतो तो बाजूला काढलेल्यांच्या जागेवर. कोणत्याही बाजूनं एक रेघ ओढली की मागे घेतलेलं सगळं कायमचं गेलं.

जागा वाढवता आली असती. आठ वर्षांपूर्वी, पाटी जिथे तयार झाली त्या सातपूरच्या शेडमध्ये इरफान मुजावर हेच सांगत होता. तो लेपाचं बघायचा, अनसूया नियमांचं.

"मॅडम, फांद्या ठेवू. जुनी वाट पण राहील, नवी पण. कोणाचंच काही मरणार नाही."

"आणि सत्तर वर्षांचा माणूस त्यातली कुठली वाट धरणार? लोकांना स्वयंपाकघरात भिंत हवी असते मुजावर, झाड नको असतं."

फांद्या राहिल्या नाहीत. 'मागे' ज्याचं त्यानंच घ्यायचं, डावीकडच्या बाणावर एक बोट टेकवून, हा नियम अनसूयाचा. बोट उचलून वीस सेकंद गेले की एक पायरी संपली, हाही तिचा. 'पुढे' मात्र दोन्ही घरांपैकी कोणीही करू शकतं: बाणावर तीन बोटं एकदम टेकवायची. कारण चाचणीला येणारे आजोबा चुकून सगळं मागे घ्यायचे आणि आज्जींना ते परत आणावं लागायचं. बोटं टेकलेली असेपर्यंत मागे घेतलेलं फक्त त्याच पाटीवर दिसतं; लगेच उचलली तर समोरच्याला कळतही नाही, जरा वेळ धरली तर ते दोन्हीकडे कायमचं परत येतं.

आणखी एक नियम होता. तो यंत्रात नव्हता, माणसांत होता. चाचणीच्या वेळी समोरच्यानं काही मागे घेतलं की सगळ्यांनी खिडकीकडे तोंड करायचं. सुरुवातीच्या दिवसांत सिन्नरहून आलेल्या एका म्हाताऱ्यानं बायकोसाठी दोन ओळी लिहून मागे घेतल्या होत्या. एका नवख्या पोरीनं हौसेनं तीन बोटं ठेवून त्या मोठ्यानं वाचल्या. म्हातारा उठला, टोपी घातली आणि चहा न घेता निघून गेला. त्या दिवसापासून अनसूयाच्या शेडमध्ये मागे घेतलेलं कोणी वाचायचं नाही. नवीन माणूस कामावर आला की त्याला आधी खिडकी दाखवायची.

दिवस ५. पुढे: ४

लिहिलं नाही: आज पाणी उशिरा आलं.

लिहिलं नाही: डिसेंबर आहे आणि पंखा लावून बसलेय, तिकडे कसं आहे?

लिहिलं नाही: मेथी केली होती, जास्त झाली.

असलंच काहीतरी दोघी रोज लिहायच्या. दोन वर्षं. घरात दोघीच होत्या. कृत्तिका समुद्रातला बर्फ मोजायच्या नोकरीवर गेल्यापासून एकेकट्या झाल्या. फोनवर दोघींनाही बोलता यायचं नाही, फोन कानाला लावला की दोघी हवापाण्यावर यायच्या. पाटीवर जमायचं.

कृत्तिकाकडूनही पाच दिवसांत काही उमटलं नव्हतं.

दिवस १२. पुढे: ४

"आई, तू पाटीवर काहीच लिहीत नाहीस हल्ली."

"बोट दुखतंय."

"कुठलं?"

"उजव्या हाताचं."

"मग डाव्यानं लिही."

"डाव्यानं माझं अक्षर तुझ्या मामासारखं येतं."

कृत्तिका हसली नाही. फोनमध्ये तिच्या खोलीतला फ्रिज घरघरत होता.

"बरं, ऐक. मला दक्षिण ध्रुवाकडच्या बर्फातल्या केंद्रावर हिवाळ्यासाठी विचारलंय. चौदा महिने. पंचवीस माणसं. मार्चनंतर तिकडे जहाज जात नाही, विमान उतरत नाही. आठवड्याला एक निरोप पाठवता येतो, तोसुद्धा मोजक्या शब्दांचा."

"मोठं काम आहे."

"मोठंच आहे. तीन आठवड्यांत कळवायचंय. तुला काय वाटतं?"

अनसूयाची नजर पाटीच्या कोपऱ्यात होती. तिथे काय असेल? कोणी मुलगा? आजारपण? बॉसशी भांडण? विचारावं असं जिभेवर आलं. पण विचारणं म्हणजे 'मला दिसलंय' म्हणणं, आणि म्हातारा टोपी घालून उठला तेव्हाचं त्याचं तोंड तिला अजून आठवत होतं. मुलगी आपण होऊन सांगेल तेव्हा सांगेल.

"तुझं काम आहे," ती म्हणाली. "तू ठरव. माझा विचार करू नकोस."

"दुसरं काही नाही म्हणायचं तुला?"

"दुसरं काय?"

"काही नाही." मग थोड्या वेळानं, "नक्की?"

"अगं, नक्की म्हणजे काय? थंडीचे कपडे देतात ना ते लोक?"

"देतात," कृत्तिका म्हणाली. "कपडे भरपूर देतात."

दिवस १९. पुढे: ४

मुजावरनं तिला पाहिलं आणि खुर्ची पुसून दिली. शेडमध्ये आता नवी मुलं होती. अनसूया आठवड्यातून एकदा सल्ला द्यायला यायची, तो तिचा दिवस नव्हता.

"पुढेचा साठा न वाचता वेगळा काढून ठेवता येईल का? असा कुठेतरी बाजूला?"

"आठ वर्षांपूर्वी मी हेच म्हणत होतो तेव्हा तुम्ही मला खोलीबाहेर काढलंत."

"बाहेर नाही काढलं. चहा सांगायला पाठवलं."

"शेड रिकामी होती मॅडम, चहा मीच केला." त्यानं तिच्याकडे नीट बघितलं. "कोणाची पाटी आहे?"

तिनं सांगितलं. मुजावरला दोन मुली, एक मिरजेत दिलेली, एक घरात. तो बराच वेळ पेनाचं टोपण लावत-काढत बसला.

"साठा कणांतच असतो. बाहेर काढायचा तर वाचावा लागतो. वाचून टाका ना. तीन बोटं. कोण बघतंय?"

"खिडकीकडे तोंड करायला मी शिकवलं की नाही तुम्हाला?"

"ती परकी माणसं होती."

"परक्यांचं वाचायचं नाही आणि पोरीचं वाचायचं?"

"मग विचारा तिला सरळ."

"तिनं मागे घेतलंय, मुजावर. मी विचारलं की तिला परत पुढे आणावं लागणार. तीन बोटं काय आणि तोंडानं काय."

"मग लिहून टाका काहीतरी. जाऊ द्या ते."

हेही तिला जमत नव्हतं. वाचायचं नाही, आणि घालवायचंही नाही. मुजावरनं चहा सांगितला.

दिवस २६. पुढे: ४

समोरच्या फ्लॅटमधली लता आहेर वाटीभर साखर परत द्यायला आली आणि बोलता बोलता पाटीकडे वळली. "नवीन गॅसवाल्याचा नंबर लिहून ठेवते हं, तुमच्या लक्षात राहत नाही."

"हात लावू नका!"

साखर ओट्यावर सांडली. लता बोट हवेत धरून तशीच उभी.

"अहो, काय देव बसवलाय का भिंतीत?"

"ओली आहे. लेप लावलाय नवा."

"ओली?" लतानं नाकानं हुंगल्यासारखं केलं. "अनसूयाताई, महिनाभर बघतेय. तुम्ही त्या कोऱ्या भिंतीकडे तोंड करून जेवता. परवा खिडकीतून दिसलं मला. टीव्ही तरी लावत जा."

"लावते."

"कृत्तिका बरी आहे ना?"

"बरी आहे. मोठं काम मिळतंय तिला."

लता गेल्यावर तिनं साखर भरली. मुंग्या यायच्या आत ओटा पुसला. मग खुर्ची पाटीसमोरून उचलून टेबलाच्या दुसऱ्या बाजूला ठेवली. भिंतीकडे पाठ करून जेवण्याचा प्रयत्न केला. अर्ध्या भाकरीवर उठली.

दिवस २७. पुढे: ४

दिवस २८. पुढे: ४

दिवस २९. पुढे: ४

एक फोन. चार मिनिटं. तिकडे वारा आहे.

दिवस ३०. पुढे: ४

दिवस ३१. पुढे: ४

दिवस ३२. पुढे: ४

दिवस ३३. पुढे: ४

दिवस ३४. पुढे: ४

फोनवर निरोप: 'सही केली. पुढच्या शुक्रवारी जहाज. पाटी नेता येणार नाही, खोलीबरोबर घरमालकाची आहे.'

अनसूयानं उत्तर पाठवलं: 'अभिनंदन बाळा.' पाठवल्यावर ते तीनदा वाचलं. त्यात काही चूक नव्हती.

दिवस ४१. पुढे: ४

तिकडे साडेसात वाजले असतील. आठला ती खोली सोडणार.

अनसूया पाटीसमोर उभी राहिली. आता साठा जपून कोणासाठी ठेवायचा? खोली रिकामी होणार, मालक पाटी पुसणार. तिनं उजवा हात उचलला, तीन बोटं जुळवली आणि बाणावर धरली. टेकवली नाहीत. मधे कागद जाईल एवढंच अंतर होतं. बोटांची सावली आकड्यावर पडली होती.

मग दोन बोटं मिटली. एका बोटानं तिनं, मधोमध, सावकाश, नेहमीच्या अक्षरात लिहिलं:

जपून जा. पोचलीस की कळव.

पहिल्या 'ज'ची रेघ सुरू झाली तेव्हाच बाण गेला. तिनं तो जाताना पाहिला नाही. पाहायचं नाही असं ठरवलं होतं.

पुढे: ०

चाळीस मिनिटांनी फोन वाजला.

"निघालीस?"

"टॅक्सीत आहे. तुझं आलेलं बघितलं निघताना."

"बरं झालं."

"एवढंच, आई?"

"एवढंच म्हणजे?"

"म्हणजे काही हरकत नाही. मला उत्तर आधीच कळलं होतं. पण मी एवढं मोठं लिहिलं, आणि एक्केचाळीस दिवसांनी 'पोचलीस की कळव'."

अनसूयाचा हात ओट्याच्या कडेवर होता. ती कड तिनं घट्ट धरली.

"मी वाचलं नाही, कृत्ती."

"काय वाचलं नाहीस?"

"तू मागे घेतलेलं."

टॅक्सी कुठेतरी वळत होती. वळणाचा दिवा टिकटिकत होता.

"खोटं बोलू नकोस."

"शपथ."

"तू? तू तीन बोटं ठेवली नाहीस?"

"तू मागे घेतलंस. मागे घेतलेलं वाचायचं नसतं."

"कोणी सांगितलं?"

"मीच. म्हणजे, आमच्या शेडमध्ये तसं होतं. खिडकीकडे—"

"मला काय माहीत तुमची खिडकी! बारावीच्या सुट्टीत मला प्रदर्शनात उभं केलंस तू. दिवसभर मी लोकांना तेच दाखवत होते. बघा काका, पुसलेलं परत येतं, तीन बोटं ठेवा. लोक टाळ्या वाजवायचे." तिचा आवाज चढला आणि तुटला. "मला वाटलं, ही बाण बघेल, वाचेल, आणि फोनवर सहज काहीतरी म्हणेल. समोर लिहून ठेवायचा धीर नव्हता. म्हणून तर मागे घेतलं."

अनसूयानं वळून पाटीच्या रिकाम्या कोपऱ्याकडे बघितलं.

"मी पण काही लिहिलं नाही मग. म्हटलं, आपण लिहिलं तर जाईल, आणि हिनं अजून वाचलं नसलं तर? रोज बघायचे, चार आहे ना. आज बाण गेला तेव्हा वाटलं, चला, वाचून झालं."

"काय होतं, कृत्ती?"

"राहू दे."

"सांग."

"शेवटच्या पायरीत होतं, 'जाऊ नको' म्हण मला. केंद्राचं त्यांनी तेव्हाच विचारलं होतं मला, मी तुला बारा दिवसांनी सांगितलं. आधीच्या तीन पायऱ्या आता नीट आठवत नाहीत. खोलीबद्दल होतं बरंच. संध्याकाळी कामावरून आल्यावर मी कोणाशी बोलते त्याबद्दल."

"कोणाशी बोलतेस?"

"कोणाशीच नाही, आई. तेच लिहिलं होतं."

दुधाची पिशवी पुन्हा ओट्यावरच राहिली होती. अनसूयानं ती उचलली, खाली ठेवली.

"जाऊ नकोस," ती म्हणाली.

"आत्ता म्हणतेस?"

"आत्ता कळलं. जाऊ नकोस. घरी ये."

कृत्तिका हसली की रडली ते कळलं नाही. "माझ्याऐवजी जो तयार होता तो परवा त्याच्या घरी गेला. मी आता गेले नाही तर तिथली यंत्रं वर्षभर बंद. चोवीस माणसं गोदीवर माझी वाट बघतायत."

"मग जा."

"एक काहीतरी म्हण."

"जाऊ नकोस," अनसूया म्हणाली. "जा."

"हं."

टॅक्सीवाला इंग्रजीत काहीतरी म्हणाला. दार उघडल्याचा आवाज आला आणि मग एकदम मोठा वारा.

"गेट आलं. आई, ठेवते. जेवून घे."

"कृत्ती—"

फोन ठेवला गेला होता. तिनं परत लावला. वाजला, वाजला, थांबला.

दिवस ४१. दुपार

ती काही वेळ खुर्चीवर बसली. मग उठून पाटीवर, 'पोचलीस की कळव'च्या खाली, मोठ्या अक्षरांत लिहिलं:

जाऊ नकोस.

तिकडे ते वाचायला कोणी नव्हतं. तिला ते माहीत होतं. मागे घेण्यासाठी डावीकडच्या बाणावर एकदा बोट टेकवलं असतं तर ते गेलं असतं. तिनं टेकवलं नाही.

पाऊण तासानं पाटीच्या वरच्या डाव्या कोपऱ्यात काहीतरी हललं.

करडा, रुंद पट्टा. डावीकडून उजवीकडे. मग त्याच्या खाली उलट दिशेनं दुसरा. अक्षर नव्हतं, चित्र नव्हतं. अनसूया खुर्चीवरून उठून जवळ गेली. पट्ट्याची कड ओली, फाटकी होती आणि मधे चार बोटांचा दाब कळत होता. कोणीतरी फडकं मारत होतं. रिकाम्या खोलीत मालकानं पाठवलेली बाई असेल, किंवा बुवा. ओटा झाला असेल, आता भिंत.

फडकं मन लावून फिरत होतं. कोपरे घासले जात होते. फोडणीचे डाग असतील. कृत्तिका तेल जास्त तापवायची. पट्टे खाली खाली येत गेले, पहिल्या ओळीपर्यंत आले, आणि थांबले.

बराच वेळ काही उमटलं नाही.

मग तिकडच्या माणसानं एक बोट 'ज'च्या काठीवर ठेवलं. घासायला नाही. नुसतं वरून खाली नेलं, जसं न येणाऱ्या लिपीतलं अक्षर लहान मूल गिरवून बघतं. बोट उचललं गेलं.

फडकं परत आलं. या वेळी हळू. ते पहिल्या ओळीच्या वरच्या कडेनं गेलं, शेवटच्या पूर्णविरामाला वळसा घालून खाली उतरलं, दोन ओळींच्या मधल्या अरुंद पट्टीतून परत आलं, आणि 'जाऊ नकोस'च्या भोवती, काना-मात्रांना न लागता, सगळीकडून भिंत पुसत गेलं.